कोण्या गावची गं माय तू?

आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून निघालेली संत मुक्ताबाईंची पालखी जालन्यामार्गे बीडला येते, तेव्हा शहरात एक आगळा सोहळा होतो. वारकरी त्याला आजोबा-नातीची भेट म्हणतात. आजोबा म्हणजे गोविंदपंत, विठ्ठलपंतांचे वडील. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या भावंडांचे पणजोबा त्र्यंबकपंत यादवांच्या अमदानीत बीड प्रांताचे अधिकारी होते, अशी वारकरी परंपरा आहे. त्या नात्याने मुक्ताई बीडला आपल्या आजोळघरी नव्हे, तर वडिलांकडच्या घरी येते आणि आजोबांना भेटून पंढरीची वाट धरते. तेराव्या शतकातली एक वंशावळ लोकांनी कागदावर नव्हे, पायांनी जपली आहे. दरवर्षी ती वाट चालली जाते म्हणून ते नातं टिकलं.

या भावंडांना आजीही होती. तिचं नाव निराबाई. भेटीच्या सोहळ्यात ते नाव क्वचितच कानावर पडतं.

बीडचा इतिहास म्हटलं की पुस्तकं गोदावरीकाठच्या राक्षसभुवनला जातात. १० ऑगस्ट १७६३ ला थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा तिथे पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला. धारूरचा किल्ला येतो, कंकालेश्वराचं देऊळ येतं, खजाना विहीर येते. ते सगळं यायलाच हवं. पण गावोगावच्या घरांचा इतिहास, म्हणजे कोण कुठून आलं, कुणाची लेक कुठे दिली, कोणतं घर कोणत्या दुष्काळात गाव सोडून गेलं, हा साठा मुख्यतः बायकांकडे होता. त्यातही म्हाताऱ्या बायकांकडे. पुरुषाचं गाव एकच. बाईची गावं किमान दोन: माहेर आणि सासर. त्यात आईचं माहेर, सासूचं माहेर, बहिणींची आणि नणंदांची सासरं मिळवली की एका आजीच्या डोक्यात अर्धा तालुका बसलेला असे.

माझी आजी पाटोदा तालुक्यातली. तिचं जन्मसाल कुणालाच माहीत नव्हतं. रझाकाराच्या वेळी ती लग्नाला आलेली होती, एवढाच हिशेब. त्यावरून जन्म १९३५ च्या आसपास धरायचा. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी पडली, जशी तिच्या वयाच्या कितीतरी माणसांची पडली आहे. तिची स्वतःची कालगणना वेगळी होती आणि ती कधी चुकत नसे. मानमोडीच्या तापात तिची आत्या गेली, ते तिच्या जन्माआधीचं. म्हणजे १९१८. रझाकार म्हणजे १९४८. सुकडीचा दुष्काळ म्हणजे १९७२. किल्लारीचा भूकंप म्हणजे १९९३ च्या सप्टेंबरातली ती पहाट. या खुंट्यांवर ती घरातली सगळी लग्नं, बाळंतपणं आणि मरणं अडकवून ठेवी. "तुझा थोरला चुलता सुकडीच्या सालात रांगत होता," असं म्हणाली की वर्ष कळलं.

ती ज्या मुलखात जन्मली तो मुलूख हैदराबाद संस्थानचा. जिल्ह्याचं नाव कागदावर बीर. दरबारची भाषा उर्दू, गावकुळकर्ण्याची लिपी मोडी, घरातली बोली मराठी, आणि यांतली एकही लिपी बाईला येत नसे. आष्टी-पाटोद्याच्या पश्चिमेला नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा लागतो. तो तेव्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. नात्यागोत्याला ही सरहद्द ठाऊक नव्हती. लेकी इकडून तिकडे दिल्या जात, सुना तिकडून येत. पण वाटेत निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका लागे. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार. माहेरी निघालेल्या बाईच्या चंचीत दोन राज्यांची नाणी असत. आजीला या दोन रुपयांतला फरक म्हातारपणीही आठवत होता. कलदार जड लागायचा, असं ती सांगे.

१९४८ चा पावसाळा तिच्या पिढीने कधी विसरला नाही. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या धाकाने सरहद्दीवरच्या गावांतली कुटुंबं बैलगाड्या जुंपून नगर-सोलापूरकडे गेली. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या छावण्या सरहद्दीच्या पलीकडेच होत्या, त्यांच्या आणि सामान्य माणसाच्या वाटा एकाच नाक्यांवरून जात. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या काही भागांत मुसलमान कुटुंबांवर सुडाचे हल्ले झाले, हेही त्याच इतिहासाचं पान आहे. तेव्हा पांगलेली घरंही कुणातरी आजीनेच लक्षात ठेवली असणार. बीडमधल्या मुसलमान घराण्यांत वंशावळीला शजरा म्हणतात. शजऱ्याची ही परंपरा असलेल्या या शहराचा उर्दूतला इतिहास, तारीख-ए-बीर, १८९८ मध्ये काझी मुहम्मद कुत्बुल्लाह यांनी लिहिला.

आजीचं पहिलं मोठं प्रवासाचं साल म्हणजे रझाकाराचं. ते आवडीचं नव्हतं, जिवाच्या भीतीचं होतं. पण प्रवासाची गोडी तिला तिथेच लागली असावी असं मला वाटतं. कारण त्या गाडीतून उतरल्यावर नगरकडच्या एका वाडीत तिला आपल्या आजीच्या चुलतबहिणीचं घर सापडलं. कुणी पत्ता दिला नव्हता. एका बाईने विहिरीवर विचारलं, "कोण्या गावची गं माय तू?" आणि चार प्रश्नांत नातं लागलं.

हा प्रश्न ती पुढे आयुष्यभर विचारत राहिली. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला, दवाखान्यातल्या बाकावर, जत्रेत, बाजारात. आधी गाव. मग माहेर. मग "कोण्या पाटलाच्या वाड्याजवळ?" मग आईचं माहेर. समोरची बाई उत्तरं देत जाई आणि आजी डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत जाई. करंगळीपासून सुरुवात. एका बोटावर एक पिढी, तीन पेरांवर तीन भावंडं. अंगठा मध्येच थांबला की समजावं, नातं लागलं. मग ती हसून म्हणे, "म्हंजी तू माझी भाचीच की." नातं लागलं नाही असं फार कमी वेळा झालं. ही वंशशास्त्राची पद्धत होती, तिला काटेकोर नियम होते, आणि ती कोणत्याही शाळेत शिकवली जात नव्हती.

या स्मरणाचं दुसरं घर म्हणजे जातं. गिरणी येण्याआधी पहाटे दोघी बायका समोरासमोर बसून दळत आणि ओव्या म्हणत. त्या ओव्यांत देव असतो, पंढरीची वाट असते, पण सगळ्यात जास्त असतात ती माणसं: भाऊ, भाचा, मावळण, सासरा, लेकीचं सासर, मधली नदी आणि मधला डोंगर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं या संशोधकांनी महाराष्ट्रभर फिरून हजारो बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रणं झाली. तिथे राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेब आंबेडकरांवर, बुद्धावर ओव्या म्हटल्या. ज्या दलित समाजाला गावच्या दप्तरात मानाची जागा नव्हती, त्याच्या बायकांनी आपला इतिहास जात्याच्या खुंट्याला धरून रचला. बाबासाहेब त्यांच्या ओवीत घरातलं माणूस होऊन येतात, भावासारखे, बापासारखे. माझ्या मते बीड जिल्ह्याच्या विसाव्या शतकाचा हा पहिल्या प्रतीचा दस्तऐवज आहे, आणि इतिहासकारांनी त्याला अजून पुरेसा हात लावलेला नाही.

आता वाटांकडे वळू. ज्या पिढीतल्या बाईला एकटीने बाजाराला जायची मुभा नव्हती, तिला वारीला, जत्रेला, देवाला जायची मुभा होती. प्रवासाची आवड असलेल्या बाईने याचा पुरेपूर उपयोग केला. बीड जिल्हा त्यासाठी भाग्यवान. परळीला वैजनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधी, कपिलधारला मन्मथस्वामी, नारायणगडावर नगद नारायण महाराज, बीडला शहेनशाहवलींचा उरूस. पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी याच जिल्ह्यातून जाते आणि पारगाव घुमऱ्याला तिचं रिंगण होतं. आजीने पाटोद्यातून नाथांच्या पालखीबरोबर जायचा पहिला हट्ट केला तो धाकटा मुलगा कळता झाल्यावर. पुढे दरवर्षीचा नेमच झाला. वारीत ती नुसती अभंग म्हणत चालली नाही. मुक्कामाच्या गावी ती सोयऱ्यांच्या घरी जाऊन यायची, कोण म्हातारं झालं, कुणाची सून बाळंत झाली ते बघायची आणि परतल्यावर सगळं घरात ओतायची. आमच्याकडे लग्न जुळवताना तिची वारी कामी येई.

आणि एक गंमत याच जिल्ह्यात बघायला मिळते. योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. समुद्रकाठची माणसं सह्याद्री ओलांडून, शेकडो किलोमीटर कापून बालाघाटाच्या माथ्यावरच्या देवीला येतात. कुणाच्या घरात लग्न झालं की जोडपं अंबाजोगाईला आणायचं, ही आठवण त्या घरांतही आजीच करून देते. कुलवृत्तांताची जाडजूड पुस्तकं छापणाऱ्या या घराण्यांना आपलं मूळ कुठलं हे नेमकं सांगता येत नसेल, पण देवी कुठली हे पक्कं ठाऊक असतं. वंशाची आठवण आणि प्रवास यांचा संबंध इतका जुना आहे.

तीर्थक्षेत्री याची लेखी बाजू दिसते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचं, उपाध्ये बाड सोडतात, तुमच्या आधी त्या घाटावर येऊन गेलेल्या तुमच्या माणसांची नावं वाचून दाखवतात आणि तुमचं नाव खाली लिहून घेतात. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने १९७० च्या दशकापासून अशा वह्यांच्या सूक्ष्मफिती केल्या, इतकं त्यांचं मोल आहे. पण वही उघडायला किल्ली लागते. मूळ गाव कोणतं? पणजोबांचं नाव काय? हे घरातून आणावं लागतं.

श्राद्धाच्या वेळीही हेच. गुरुजी बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव विचारतात, ती पुरुषांना येतात. मग ते आईचं, आजीचं, पणजीचं नाव विचारतात, कारण विधीला मातृत्रयीही लागते. आमच्या घरी या जागेवर दरवर्षी सगळे पुरुष गप्प होत आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत. आजी पुरणाचा हात पदराला न लावता उंबऱ्यापाशी येई आणि पणजीचं नाव सांगे. सासरचं आणि माहेरचं, दोन्ही. गुरुजींना एकच पुरे असे. तिला दोन्ही सांगायची असत.

१९७२ ने या सगळ्या वाटा बदलल्या. पाऊस गेला, विहिरी आटल्या, दुष्काळी कामांवर बायकांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, परदेशी लाल मिलो शिजवून खाल्ला. आणि त्यानंतर जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची रीघ लागली ती आजतागायत थांबलेली नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे टोळीने निघायचं, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर कोपी घालायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. दरवर्षी लाखो माणसं. प्रवास या शब्दाशी यात्रेचा आनंद जोडणाऱ्यांनी बीडचा हा प्रवासही मोजला पाहिजे.

या काळात गावात राहिल्या त्या आज्या. आईबाप फडावर, नातवंडं आजीजवळ. पुढे हंगामी वसतिगृहं निघाली, पण त्याआधी आणि त्यानंतरही बीडच्या दोन पिढ्या सहा-सहा महिने आज्यांनी वाढवल्या आहेत. संध्याकाळी चुलीपुढे या पोरांना आपण कोण, आपली माणसं कुठे आहेत, हे सांगणं हा त्या सांभाळण्याचाच भाग होता. ज्यांना आजी नव्हती त्यांना पाळण्यातूनच फडावर जावं लागलं आणि त्यांची शाळा बुडाली. कोयत्यावर गेलेल्या आज्याही होत्या. त्या कोपीत बसून तान्ही पोरं बघत. माजलगाव धरणात गावंच्या गावं बुडाली तेव्हा पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत कुणाचं घर जुन्या गावात कुठे होतं, वेस कुठे, मसणवटा कुठे, हेही म्हाताऱ्यांच्या तोंडूनच उरलं.

उतारवयात आजीला पुन्हा मनासारखा प्रवास मिळाला तो एसटीमुळे. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते नगर धावली तेव्हा आजी नगर जिल्ह्याच्या वेशीपलीकडे, निजामाच्या संस्थानात होती. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि लाल गाडी हळूहळू वाड्यावस्त्यांना पोचली. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. तेव्हा आधारवरची ती १ जानेवारी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली. आजी पहाटे उठून पिशवीत भाकरी बांधायची आणि ज्या नातलगांच्या घरी पन्नास वर्षांत जाणं झालं नव्हतं त्यांच्याकडे निघायची. घरचे चिडत. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की सरकारच्या फार थोड्या योजना इतक्या नेमक्या माणसापर्यंत पोचल्या असतील. पुढच्या मार्चमध्ये सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं आणि तिच्या सोबतीला सुनाही निघू लागल्या.

रेल्वेची गोष्ट वेगळी. परळीला निजामाच्या काळातच रूळ आले, पण बीड शहर कोरडंच राहिलं. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी न्यू आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामदिनी, बीडला पोचली. मंजुरीपासून तीस वर्षं. त्या तीस वर्षांत किती आज्या रेल्वेत न बसता गेल्या याची नोंद कुठल्याही खात्यात नसेल. माझी आजी त्यांतली एक. आष्टीची गाडी तिने पाहिली, बीडची नाही.

ती असतानाच जिल्ह्यात वंशावळीला अचानक भाव आला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पाहणी पत्रकं, कुळ नोंदवह्या, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, जन्ममृत्यूचे नमुने अशी दप्तरं बासनातून निघाली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. मराठा आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू बरोबर हा या लेखाचा विषय नाही. पण त्या महिन्यांत बीडच्या घराघरांत जे घडलं ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावं असं आहे. शिकलेली, मोबाइलवर जग बघणारी मुलं आजीपुढे मांडी घालून बसली आणि विचारू लागली: आपलं मूळ गाव कोणतं? पणजोबा किती भाऊ? आडनाव कधी बदललं? धाकटी पाती कुठे गेली? तहसीलच्या आवारात वंशावळीचं प्रतिज्ञापत्र हा रोजचा शब्द झाला.

आणि आज्यांनी उत्तरं दिली. दप्तरात नाव शोधायचं तर कोणत्या गावच्या दप्तरात शोधायचं हे आधी कळावं लागतं. ते कागद सांगत नाही. "ते आपले नव्हतेच मूळचे इथले, मानमोडीच्या आधी पलीकडून आले," हे वाक्य आजीकडून आलं की शोधाची दिशा बदलते. आमच्याही घरात तसंच झालं. जो धागा दोन वडीलधाऱ्या पुरुषांना आठवला नाही तो तिने करंगळीपासून मोजत सांगितला.

पण तयार झालेली वंशावळ मी पाहिली तेव्हा वाईट वाटलं. वरपासून खालपर्यंत बाप, मुलगा, नातू. सांगणारी बाई, सांगितलेल्या बायका, कुणीही त्यात नाही. नमुनाच तसा आहे, लिहिणाऱ्याचा दोष नाही. आजीला मी तो कागद वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अन् लेकी?"

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सरकारी कागदपत्रांत बंधनकारक झालं आहे. चांगला निर्णय आहे, तो एका पिढीचं नुकसान थांबवेल. आजीचं आणि पणजीचं नाव मात्र त्यात कुठेच येत नाही, आणि ते येईल अशी वाट बघण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या, करोडगिरीचा नाका ओलांडलेल्या बायका आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, गावात अशी कुणी असेल तर वही घेऊन तिच्याजवळ जा. वंशावळीच्या कागदाला शेजारी आणखी एक रकाना आखा. त्यात प्रत्येक पिढीतल्या बाईचं नाव, तिचं माहेर आणि ती कोणत्या वाटेने आली ते लिहा, आणि लेकी कुठे दिल्या तेही लिहा.